ओकिनावाच्या डोजोत पाहुणे म्हणून जाताना: गटाने कराटे शिकायला जाणाऱ्यांसाठी

दर बेल्ट परीक्षेनंतर क्लासमध्ये कुणीतरी विचारतंच, "सर, आपण सगळे मिळून ओकिनावाला कधी जायचं?" मी दोनदा गट घेऊन गेलोय. पहिल्या खेपेला आम्ही चौदा जण होतो, दुसऱ्या खेपेला आठ. पहिल्या वेळी जे जे बिनसलं त्याचं मूळ एकच होतं. आम्ही स्वतःला गिऱ्हाईक समजत होतो. पैसे भरलेत, तिकिटं काढलीत, आता शिकवा.

ओकिनावात, म्हणजे जपानच्या दक्षिणेकडच्या त्या बेटावर, मोठ्या संघटनांच्या इमारती आहेत, पण खरं शिकणं होतं ते 'माची-डोजो'त. डोजो म्हणजे सरावाची जागा, आणि हा गल्लीतला डोजो. बहुतेकदा तो कुणाच्या तरी घराचा तळमजला असतो. वर सेन्सेईंचं, म्हणजे गुरूंचं, कुटुंब राहतं, खाली लाकडी जमीन, एका भिंतीला आरसा, कोपऱ्यात माकिवारा, म्हणजे ठोसे मारायचा खांब. आपल्याकडच्या पेठेतल्या जुन्या तालमीची आठवण यावी अशी जागा. सेन्सेई कित्येकदा आयुष्यभर दुसरी नोकरी करून संध्याकाळी दोन तास शिकवत आलेले असतात. अशा घरी चौदा पाहुणे टपकले तर काय होईल? आमच्यामुळे तिथल्या नेहमीच्या विद्यार्थ्यांना हात पसरायला जागा उरली नाही. कुणी काही बोललं नाही, आणि ते न बोलणंच मला जास्त लागलं.

म्हणून खाली जे लिहिलंय ते पाहुण्याच्या बाजूने लिहिलंय. मी गोजू-र्‍यू शैलीचा आहे, त्यामुळे उदाहरणं तिकडची येतील. शोरिन-र्‍यू किंवा उएची-र्‍यूवाल्यांना कातांची, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या मालिकांची, नावं बदलून बाकी सगळं तसंच लागू पडेल.

आधी कुणाकडे, मग कधी

बरेच जण आधी स्वस्त तिकीट बघतात आणि मग डोजो शोधतात. क्रम उलटा ठेवा. तुमच्या सरांचा, किंवा सरांच्या सरांचा ओकिनावाशी काही धागा आहे का ते आधी बघा. असेल तर त्यांच्याकडून ओळख करून देणारं पत्र घ्या. तिथे ओळखीने उघडणारं दार वेगळं आणि ईमेलने उघडणारं वेगळं. धागा नसला तरी अडत नाही. ओकिनावाची राजधानी नाहा, तिला लागून असलेल्या तोमिगुसुकु शहरात 2017 साली 'ओकिनावा कराटे काइकान' ही सरकारी वास्तू सुरू झाली. तिथल्या माहिती केंद्राचं कामच परदेशी कराटेकांना, म्हणजे कराटे करणाऱ्यांना, योग्य डोजोशी जोडून देण्याचं आहे, आणि इंग्रजीत पत्रव्यवहार चालतो.

पत्रात हे असू द्या: गटात किती जण, प्रत्येकाचं वय, शैली, बेल्ट, किती वर्षं सराव, कुठल्या तारखांना येऊ शकतो आणि नेमकं काय शिकायचंय. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. "आम्हाला सगळं शिकायचंय" असं लिहिणाऱ्याला कुणी गंभीरपणे घेत नाही. दुसऱ्या खेपेला आम्ही फक्त सानचिन आणि गेकिसाई दाई इची या दोन काता एवढंच लिहिलं होतं. उत्तर चार दिवसांत आलं.

आपल्या सरांना न विचारता दुसऱ्या संघटनेच्या डोजोत जाऊ नका, आणि तिथे गेल्यावर "उद्या आम्ही पलीकडच्या डोजोत चाललोय" असं सहज बोलूनही टाकू नका. दोन डोजो ठरवायचे असतील तर दोघांनाही आधीपासून माहीत हवं. दहा दिवसांत दोनच्या वर डोजो नकोत. एका जागी पाच संध्याकाळी गेल्या की सेन्सेईंना तुमची चूक कोणती ते कळायला लागतं. रोज नवा डोजो गाठला तर रोज पहिलाच दिवस.

आता 'कधी'. मेच्या सुरुवातीपासून जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत तिथे पावसाळा असतो. जुलै ते सप्टेंबर उकाडा आणि तुफानं, कधीकधी ऑक्टोबरातही. आमची पहिली सहल सप्टेंबरात होती. तुफान आलं, मोनोरेल बंद, दुकानं बंद, दोन दिवस हॉटेलच्या खोलीत इन्स्टंट नूडल्स. परतीचं विमान रद्द झालं ते वेगळंच. तेव्हापासून मी परतीच्या प्रवासाच्या आधी एक दिवस मोकळा ठेवतो.

सगळ्यात चांगला काळ ऑक्टोबरअखेर ते डिसेंबरचा पहिला पंधरवडा, किंवा फेब्रुवारीअखेर ते एप्रिल. जानेवारीत तापमान पंधरा-अठरा अंशांवर उतरतं. मुंबईकरांना ते बोचतं, पुणेकरांना काही वाटत नाही. दिवाळीची सुट्टी या चांगल्या काळात येते म्हणून शाळा-कॉलेजवाल्यांची सोय होते, पण तिकिटं महागतात आणि घरच्यांची समजूत काढावी लागते ती निराळी.

ऑक्टोबरची आणखी एक गंमत म्हणजे 25 तारखेचा कराटे दिन. 25 ऑक्टोबर 1936 ला नाहामध्ये एका वर्तमानपत्राने बोलावलेल्या बैठकीत गोजू-र्‍यूचे संस्थापक मियागी चोजुन, क्यान चोतोकु, हानाशिरो चोमो, मोतोबु चोकी अशी त्या काळची गुरुमंडळी जमली होती आणि 'कराटे' हा शब्द 'रिकामा हात' या अर्थाच्या चिन्हांनी लिहायचं त्यांनी ठरवलं. त्याआधी तो 'चिनी हात' असाही लिहिला जाई. प्रांताच्या विधानसभेने 2005 मध्ये हा दिवस कराटे दिन म्हणून घोषित केला. त्या सुमारास कोकुसाई-दोरी या मुख्य रस्त्यावर सामूहिक काता होतात. बघायला जरूर जा. मात्र त्या आठवड्यात सेन्सेई कार्यक्रमांत अडकलेले असतात. मुख्य सराव त्याआधी किंवा नंतर ठेवा.

गट कसा निवडायचा

आठ. फार तर दहा. त्यापुढे गेलात तर दोन तुकड्या करून वेगवेगळ्या संध्याकाळी जा.

कमीत कमी ब्राऊन बेल्ट असावा असं मी पूर्वी म्हणायचो, आता म्हणत नाही. दुसऱ्या खेपेला आमच्यात ग्रीन बेल्टवाले एक निवृत्त बँक कर्मचारी होते. तिथे सगळ्यांत जास्त तेच शिकले, कारण विसरायला त्यांच्याकडे फारसं काही नव्हतं. निवड करताना मी बघतो ते एवढंच: गेले सहा महिने माणूस वेळेवर येतोय का, आणि चूक दाखवल्यावर "पण सर, आम्हाला असं शिकवलं होतं" म्हणतो का. दुसरं उत्तर 'हो' असेल तर त्याला पुढच्या वर्षी न्या.

अठराच्या आतली मुलं असतील तर दोन्ही पालकांच्या सहीचं संमतीपत्र, शक्यतो नोटरी केलेलं, आणि मुलासोबत नेमकं कोण मोठं माणूस जबाबदार ते लेखी हवं. मुली असतील तर एक तरी ज्येष्ठ ताई गटात असावी. खोल्यांची वाटणी निघण्याआधी ठरवा, विमानतळावर नको.

कामं वाटून द्या. एकाकडे पैसे, एकाकडे कागदपत्रं, एकाकडे प्रथमोपचार, एकाकडे वेळापत्रक. सरांकडे फक्त सेन्सेईंशी बोलणं. पहिल्या खेपेला सगळं माझ्याकडे होतं आणि सराव सुरू व्हायच्या वेळी मी कुणाचा तरी हरवलेला चार्जर शोधत होतो.

कागदपत्रं

निदान चार महिने आधी सगळ्यांचे पासपोर्ट समोर मांडून बघा. परतीच्या तारखेनंतर सहा महिने तरी मुदत उरलेली असावी. मराठी माणसाच्या पासपोर्टवर बऱ्याचदा स्वतःचं आणि वडिलांचं नाव मिळून 'गिव्हन नेम' असतं आणि आडनाव वेगळ्या रकान्यात. तिकीट काढताना लोक वडिलांचं नाव गाळतात. लग्नानंतर नाव बदललेल्या ताईंचं आधारवर एक आणि पासपोर्टवर दुसरं, हेही नेहमीचं. नियम सोपा आहे: तिकिटावर, व्हिसावर आणि विम्यावर पासपोर्टवरचं नाव अक्षरशः जसंच्या तसं.

जपानचा व्हिसा प्रत्येकाला स्वतंत्र काढावा लागतो, गटाचा एक असा प्रकार नाही. भारतात राहणाऱ्या भारतीयांना आता पर्यटनासाठी ई-व्हिसा मिळतो. अर्ज व्हिसा केंद्रातून करायचा. बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र, नोकरी किंवा कॉलेजचं पत्र, मुक्कामाचं बुकिंग आणि दिवसवार कार्यक्रम एवढं तयार ठेवा. विद्यार्थ्यांसाठी खर्च करणाऱ्या पालकांचे कागद. दिवसवार कार्यक्रम गटातल्या सगळ्यांचा तंतोतंत सारखा हवा. एकाच्या कागदावर नाहा आणि दुसऱ्याच्या कागदावर ओसाका असं झालं की प्रश्न येतात. ई-व्हिसा विमानतळावर फोनमध्ये इंटरनेट चालू ठेवून दाखवावा लागतो, स्क्रीनशॉट किंवा छापील कागद धरत नाहीत. म्हणून फोन चार्ज हवा आणि उतरल्यावर चालणारं नेट हवं.

जपान सरकारच्या 'व्हिजिट जपान वेब' या संकेतस्थळावर आधी माहिती भरून ठेवली की उतरल्यावर इमिग्रेशन आणि कस्टमसाठी क्यूआर कोड तयार मिळतो. हे काम घरी बसून, चहा पीत करायचं आहे, तिथल्या रांगेत उभं राहून नव्हे.

मुंबईहून नाहाला थेट विमान नाही. टोकियोमार्गे किंवा हाँगकाँग, तैपेई, बँकॉकमार्गे जाता येतं. टोकियोमार्गे जाताना एक सापळा आहे: तुम्ही नारिताला उतरता आणि नाहाचं विमान हानेदाहून असतं. दोन्ही विमानतळांत साठ किलोमीटरहून जास्त अंतर आहे. गट आणि बॅगा घेऊन ते कापायला, इमिग्रेशन धरून, पाच तास तरी हाताशी ठेवा. आणि तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर जपानमधल्या विमानात सामानाची मर्यादा कमी असू शकते.

पैसे आणि विमा

आमच्या दुसऱ्या सहलीत दहा दिवसांचा खर्च माणशी दीड ते पावणेदोन लाखांत बसला. निम्म्याच्या आसपास विमानाचे. हॉटेल साधं, दोघांत एक खोली. पैसे तीन हप्त्यांत घ्या आणि कुणी ऐनवेळी गळलं तर कोणती रक्कम परत मिळणार नाही हे पहिल्या हप्त्याआधी लेखी सांगा. सरांच्या स्वतःच्या खात्यात गटाचे पैसे नकोत. हिशेब चोख असला तरी बोलणारे बोलतात.

फॉरेक्स कार्ड चालतं, पण छोट्या खानावळी, काही बस आणि डोजो यांसाठी रोख येन हवेतच. शंभर येनची नाणी जपून ठेवा, कॉइन लाँड्रीत तीच लागतात आणि तुम्हाला लाँड्री रोज लागणार आहे.

विम्याबद्दल मी हट्टी आहे. साध्या प्रवास विम्यात कॉन्टॅक्ट स्पोर्ट्स, मार्शल आर्ट्स वगळलेले असतात आणि ते अगदी बारीक अक्षरांत असतं. पॉलिसी उघडून वगळलेल्या गोष्टींचं पान वाचा. शंका असली तर कंपनीला ईमेल करून "कराटे सरावात झालेली दुखापत यात धरली जाईल का" हे लेखी विचारा. एजंटचं "हो हो, सगळं कव्हर आहे" कामाचं नाही. आमच्यातल्या एकाच्या पायाचं बोट फ्रॅक्चर झालं, एक्स-रे आणि पट्टीचा खर्च खिशातून गेला.

शरीर तयार करणं

निदान बारा आठवडे आधी सुरुवात करा. आपल्या क्लासमध्ये स्पर्धेच्या तयारीमुळे उड्या, वेग, किक्स यांवर भर असतो. तिथे दोन तास खाली बसलेले, रुतलेले स्टान्सेस असतात. पहिल्या संध्याकाळी शिको-दाचीत, म्हणजे पाय फाकवून खाली बसलेल्या स्टान्समध्ये, आमच्या निम्म्या गटाच्या मांड्या थरथरत होत्या आणि शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ निवांत उभे होते.

गुडघ्यांचं म्हणाल तर सेइझा म्हणजे आपलं वज्रासनच. फरक एवढाच की आपण जेवल्यावर पाच मिनिटं बसतो आणि तिथे लाकडी जमिनीवर पंधरा-वीस मिनिटंही बसावं लागतं. रोज दोन-दोन मिनिटं वाढवत न्या, गादीवर नको, फरशीवर. गुडघा खरंच दुखरा असेल तर आधीच कळवा, वयस्क पाहुण्यांना मांडी घालायला सांगतात.

तळपायांची कातडी हा विषय कुणी सांगत नाही. मॅटवर सराव करणाऱ्यांच्या पायांना लाकडी जमीन दुसऱ्याच दिवशी फोड आणते. शेवटचे सहा आठवडे अनवाणी, फरशीवर किंवा शाळेच्या हॉलच्या जमिनीवर सराव करा.

होजो उंदो, म्हणजे पूरक व्यायाम, आधी ओळखीचे करून घ्या. चि-इशी ही लाकडी दांड्याला बसवलेली दगडी किंवा सिमेंटची गुंडी. आखाड्यात मुद्गल फिरवलेल्याला तिचा तोल लगेच कळतो. निगिरी-गामे हे मातीचे जड रांजण, तोंडाशी बोटांनी पकडून चालायचं. घरी पाच लिटरच्या बरणीत वाळू भरून सराव होतो. पकड सुटली तर बरणी पायावर पडते, हे मी अनुभवाने सांगतोय. जोडीदाराच्या बाहूंवर आपले बाहू आपटून ते टणक करण्याचा सराव, कोते-किताए, हळूहळू वाढवा. तिथे पहिल्या दिवशी जोशात येऊन हात निळे करून घेतले की उरलेले नऊ दिवस हातात कप धरवत नाही.

आणि तुमच्या काता स्वच्छ करून जा, नव्या शिकून जाऊ नका. गेकिसाई 1940 साली मियागी चोजुन यांनी नवशिक्यांसाठी रचली. तीच तिथे सगळ्यात बारकाईने तपासली जाते.

बॅगेत काय

आपण ज्याला कराटे ड्रेस म्हणतो तो दोगी तीन तरी न्या आणि पातळ कापडाचे न्या. जाड कॅनव्हासचा ड्रेस दिसतो रुबाबदार, पण तिथल्या दमट हवेत दोन दिवस वाळत नाही. ओल्या ड्रेसचा वास बंद हॉलमध्ये किती पसरतो ते ज्याला कळायचं त्याला कळलं. ड्रेसवर भारतातल्या संघटनेचा मोठा बिल्ला असेल तर तो चालेल का आधी विचारा. बेल्ट कोणता बांधायचा तेही विचारा. काही जागी पाहुण्याचा बेल्ट तसाच मान्य करतात, काही जागी पांढरा बांधून उभं राहिलेलं आवडतं.

बो नेऊ नका. सहा फुटी काठी विमानात जास्तीच्या लांबीचं सामान ठरते, आणि डोजोत वापरायला मिळतेच. साई, तोनफा, नुनचाकू ही हत्यारं न्यायचीच असतील तर चेक-इन बॅगेत, कापडात गुंडाळून, सोबत क्लासच्या लेटरहेडवर साहित्याची यादी. केबिन बॅगेत चुकूनही नको. पॉवर बँकेचं नेमकं उलटं, ती केबिनमध्येच.

औषधांबाबत जपान कडक आहे. सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण दहा टक्क्यांपेक्षा जास्त असतं त्या नेता येत नाहीत, कोडीनवरही निर्बंध आहेत. डॉक्टरांनी लिहिलेलं नेहमीचं औषध साधारण महिन्याभराचं चालतं, त्याहून जास्त लागणार असेल तर आधी परवानगीचा कागद काढावा लागतो. चिठ्ठी इंग्रजीत, औषध मूळ पाकिटात. बाकी प्रथमोपचारात क्रेप बँडेज, बोटं बांधायची टेप, फोडांसाठी पट्ट्या, ओआरएस, नखं कापायचं यंत्र. हे शेवटचं रोज सरावाआधी फिरवायचं.

तिथे वीज 100 व्होल्ट आणि प्लग दोन चपट्या पिनांचा. मोबाईलचे चार्जर चालतात, फक्त पिन बदलणारा अडॅप्टर हवा. घरची किटली किंवा इस्त्री नेलीत तर कोमट पाण्यावर समाधान मानावं लागेल.

भेटवस्तूंबद्दल एक कबुली. पहिल्यांदा आम्ही वर्गणी काढून चार किलोची पितळी गणेशमूर्ती नेली. सेन्सेईंनी दोन्ही हातांनी घेतली, वाकले, आणि मग ती कुठे ठेवायची म्हणून त्यांच्या पत्नी दहा मिनिटं हॉलभर बघत राहिल्या. दुसऱ्यांदा लोणावळ्याची चिक्की नेली, सुटी सुटी पाकिटं असलेली, म्हणजे सेन्सेईंना विद्यार्थ्यांत वाटता येते. ती तिसऱ्या दिवशी संपली होती.

खाणं

मांसाहारी मंडळींना चिंता नाही. शाकाहाऱ्यांना आहे, आणि ती लपवून उपयोग नाही. ओकिनावा सोबा नावाच्या नूडल्समध्ये डुकराच्या हाडांचं सूप असतं. भाजीच्या पदार्थातही 'दाशी', म्हणजे बहुतेकदा बोनितो माशाचा अर्क, असतो. "नो मीट" म्हटलं तर मासा येतो. मांस, मासे, अंडी, दाशी यांतलं काय चालत नाही ते जपानी लिपीत लिहिलेलं कार्ड प्रत्येक शाकाहाऱ्याच्या खिशात असू द्या.

पण बेटावर आपल्या ओळखीचं बरंच काही आहे. गोया म्हणजे कारलं, तिथलं अभिमानाचं फळ. गोया चाम्पुरू मागवताना डुकराचं मांस आणि अंडं वगळायला सांगा, वर कात्सुओचे, म्हणजे त्याच बोनितो माशाचे, पापुद्रेही नकोत म्हणा. कोकुतो ही उसाची काळसर साखर चवीला थेट आपल्या गुळाजवळ जाते. जिमामी तोफू शेंगदाण्याचं असतं. जांभळं रताळं, बेनी-इमो, उपवासवाल्यांना आवडेल. प्यायला सानपिन-चा, जाई-मोगऱ्याच्या वासाचा थंडगार चहा.

घरून मेतकूट, कोरडी शेंगदाणा चटणी, भडंग, थेपले, लाडू न्या. फळं, कढीपत्ता, ताज्या भाज्या आणि मांसाचे पदार्थ नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. सराव संध्याकाळी असतो म्हणून मोठं जेवण दुपारी दोनपर्यंत संपवा आणि पाच वाजता केळं किंवा ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, एवढंच. सरावानंतर बाहेर जेवायला नेलं तर अवामोरी, तिथली तांदळाची दारू, पुढे येईल. घेत नसाल तर हसून पेल्यावर हात ठेवा, कुणी आग्रह करत नाही. वीस वर्षांखालच्यांना तिथे कायद्याने मनाई आहे.

डोजोच्या दारात

पंधरा मिनिटं आधी पोचा, अर्धा तास आधी नाही. त्या वेळी सेन्सेई घरात जेवत असतात. गल्लीत घोळका करून गप्पा मारू नका. आपण दहा मराठी माणसं एकत्र आलो की आवाज किती चढतो ते आपल्याला जाणवत नाही, शेजाऱ्यांना जाणवतं.

बूट काढून टोकं दाराकडे करून ठेवा. आत पाऊल टाकताना वाकून नमस्कार, सुरुवातीला "ओनेगाई शिमास" (कृपया शिकवा), शेवटी "आरिगातो गोझाइमाशिता" (धन्यवाद). रांग बेल्टप्रमाणे लागते. पाहुण्यांची जागा कुठे ते दाखवतील, तोवर मागे उभे राहा. सरावाचे पैसे किती ते आधी संपर्कातून विचारून घ्या, कोऱ्या पांढऱ्या पाकिटात, कोऱ्या नोटा, पहिल्याच दिवशी, दोन्ही हातांनी. सगळ्या गटाचं मिळून एकच पाकीट. सुट्या नोटा मोजत देऊ नका.

व्हिडिओ नको. विचारल्यावर एखादे वेळी होकार मिळेल, पण पहिल्या तीन दिवसांत विचारूच नका. वही ठेवा, आणि ती सराव चालू असताना नव्हे, हॉटेलवर परतल्यावर उघडा. आम्ही रात्री साडेदहाला लॉबीत बसून प्रत्येकाने आज मिळालेली एक दुरुस्ती लिहायची असं ठरवलं होतं. एकाची दुरुस्ती दुसऱ्याच्या कामी यायची.

एका संध्याकाळचं सांगतो. सानचिन चालू होती. मी पंचवीस वर्षं करतोय, शिकवतोय. सेन्सेई मागून आले, माझ्या उजव्या कोपराला दोन बोटं लावली आणि इंचभर आत घेतला. मग खांद्यांवर तळहात ठेवून हलकेच दाबले. मग मांडीच्या मागे टिचकी. बोलले काहीच नाहीत. पुढचं पाऊल टाकताना माझा तोलच गेला, कारण मी ज्याच्यावर उभा होतो तेच त्यांनी काढून घेतलं होतं. माझ्या मागे माझेच विद्यार्थी उभे होते. सरांनी हे सहन करायची तयारी करून जावं, सगळ्या तयारीत हीच जड.

दुरुस्ती मिळाली की "हाय", म्हणजे जपानीत 'हो', म्हणायचं आणि करायचं. आपल्या पद्धतीत ते वेगळं का आहे हे समजावू नका. परत आल्यावर काय ठेवायचं, काय सोडायचं ते आपल्या सरांशी बोलून ठरवा.

सराव संपला की ओलं फडकं घेऊन जमीन पुसायची असते. तुम्हाला "राहू द्या" म्हणतील. तरी फडकं उचला.

दिवसाचं काय करायचं

सराव संध्याकाळी, म्हणजे दिवस मोकळा. पण बेटभर हिंडून दमून डोजोत जाऊ नका. सकाळी फिरा, दुपारी झोपा. नाहामध्ये विमानतळापासून युई रेल ही मोनोरेल आहे, शुरीपर्यंत अर्ध्या तासात नेते. मुक्काम तिच्या स्थानकाजवळ घ्या.

मात्सुयामा पार्कमध्ये हिगाओन्ना कानर्‍यो आणि त्यांचे शिष्य मियागी चोजुन यांचं स्मारक आहे. गोजूवाल्यांनी पहिल्याच सकाळी जावं. कानर्‍यो चीनमधल्या फुचौला जाऊन शिकले होते, आणि बागेला लागूनच फुकुशुएन हे चिनी धर्तीचं उद्यान आहे, त्यामुळे इतिहास पायाखाली येतो. फुनाकोशी गिचिन, ज्यांनी 1922 पासून टोकियोत कराटे रुजवलं, त्यांचं स्मारक ओनोयामा पार्कमध्ये आहे, त्यांच्या शैलीच्या, म्हणजे शोतोकानच्या, मंडळींनी तिकडे जावं. शुरी किल्ल्याचा मुख्य प्रासाद 31 ऑक्टोबर 2019 च्या आगीत जळाला आणि त्याची पुनर्बांधणी हाती घेतली गेली. कराटे काइकानमधलं प्रदर्शनही चुकवू नका. दोगी किंवा कोबुदोचं, म्हणजे पारंपरिक हत्यारांच्या कलेचं, साहित्य घ्यायचं तर नाहामधलं शुरेइदो हे जगभरचे कराटेका ओळखतात असं दुकान आहे. मापाचा ड्रेस शिवून हवा असेल तर पहिल्या दोन दिवसांतच जा, तयार व्हायला वेळ लागतो.

आपत्कालीन क्रमांक: रुग्णवाहिका आणि आग 119, पोलीस 110. हॉटेलचा पत्ता जपानीत लिहिलेली चिठ्ठी प्रत्येकाच्या खिशात.

परतल्यावर

पंधरा दिवसांच्या आत सेन्सेईंना हाताने लिहिलेलं पत्र आणि गटाचा छापलेला फोटो पाठवा. मेसेज वेगळा, पत्र वेगळं. आम्ही फोटोमागे प्रत्येकाचं नाव जपानी उच्चाराप्रमाणे लिहून पाठवलं होतं. वर्षभराने आमचा एक विद्यार्थी कामानिमित्त एकटाच नाहाला गेला. डोजोत शिरला तर तो फोटो आरशाच्या कडेला खोचलेला होता, आणि सेन्सेईंनी त्याला नावाने हाक मारून विचारलं, कोपर आत आला का?